लुगड्याची पट्टी

आशा कार्यकर्तीनं फारच आग्रह केला म्हणून कडूबाई सोनईला दिव्यांगांच्या हक्कांच्या प्रशिक्षणाला आली होती. जीव मात्र घरी अडकला होता. तिची लेक मोनिका अठरा वर्षांची झाली तरी तिला दारातल्या विहिरीचं भय कळत नव्हतं, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून कडूबाई तिला लुगड्याच्या पट्टीनं बाजेला बांधून आली होती.

"घरच्याच माणसानं बांधून ठेवलं, तरी तो गुन्हाच," प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम माईकवर म्हणाल्या. "त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो."

कडूबाईनं चहाचा कप खाली ठेवला. सगळ्या बाया आपल्याकडंच बघतायत असं तिला वाटलं. मॅडम पुढं काय बोलल्या ते तिच्या कानात शिरलंच नाही. एव्हाना पोलीस घरी पोचलेही असतील, असं तिच्या मनात आलं.

कार्यक्रम संपला तरी ती जागची हलेना. मॅडम जवळ आल्या. "मावशी, काही विचारायचंय का?"

कडूबाईनं पदर तोंडाशी धरला.

"मॅडम, जेलात लेकीला संगं न्हेऊ देत्यात का? माज्याबिगर ती जेवत न्हाई."