मी रोज हेच वापरतो

कोरियातल्या ग्वांगजूच्या बाजारात नूडल्स खायला बसलेल्या ते-ग्यूला एका तरुणीने ओळखलं. "अय्या, गाणी रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ करता ते तुम्हीच ना?"

"मोठा माणूस दिसतोय," दुकानाची मालकीण हसली. "थांबा, किमची जास्त वाढते."

मुलीचं नाव सोल-बी. तिचे वडील ढोलाच्या साथीने पान्सोरी, म्हणजे जुनी कथागीतं, गायचे. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर तिने ते-ग्यूचा व्हिडिओ बघून ते सॉफ्टवेअर घेतलं आणि वडिलांचं गाणं त्यात साठवून ठेवलं. ऑपरेशन झालं, आवाज गेला. आता ते गाणं काही केल्या उघडत नव्हतं. ती दुरुस्तीवाल्याकडेच निघाली होती.

"चूक माझीच असणार, सर. तुम्ही तर म्हणाला होतात, 'मी रोज हेच वापरतो, लहान मूलही चालवेल.' जरा बघता का?" तिने लॅपटॉप काढून त्याच्यापुढे सरकवला.

ते-ग्यूने पडद्याकडे पाहिलं. मान वर करून तिच्याकडे बघायचा मात्र त्याला धीर होईना.



व्हिडिओत त्याने कंपनीने पाठवलेला मजकूर वाचला होता. ते सॉफ्टवेअर तो आज पहिल्यांदाच पाहत होता.