तपासणी ठेवायची कुठे

तर झालं असं, लिफ्टचा कर्नल, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, मॅडम, सर आणि धाकटी ही तिघंच लिहायची आणि ऑफिसच्याच लिफ्टमध्ये चालवून बघायची. मोजता मोजता आकडा प्रोग्रॅमनं त्याला दिलेल्या जागेत मावेनासा झाला, की गपकन उणे होतो आणि सगळं ठप्प. ते आधीच पकडणारी तपासणी धाकटीनं केव्हाच लिहिली होती. घोडं अडलं, ती ठेवायची कुठे यावर. आजही लिफ्टनं उतरताना तेच. “सगळ्यांना लागते, मग सामायिक फोल्डरमध्ये टाक,” लिफ्टच्या मोटारीचा भाग लिहिणाऱ्या मॅडम म्हणाल्या. “सामायिक म्हणजे धर्मशाळा नव्हे. तुमच्या मोटारीच्या भागातच ठेवा,” तो फोल्डर सांभाळणारे सर फिस्कारले. धाकटीचा जीव पाळणाघरातल्या लेकीत अडकलेला. गचका देऊन लिफ्ट थांबली. दारावरचा आकडा उणे झाला. “माझ्याकडे टाक, बाई,” सर पुटपुटले. “छे, माझ्याकडे,” मॅडम. धाकटीनं लाल बटण दाबलं. मदतीची घंटा वर वाजली, त्यांच्याच रिकाम्या खोलीत.