अर्थाच्या जागी नाव

माझी इंग्रजी वाक्प्रचारांची जुनी वही वाचून लेक हसतेय. मी शिकताना सासूबाई शेंगा फोडत सांगायच्या, "अर्थ कशाला? तसलं माणूस गल्लीत कोण हाय, त्येचं नाव लिव की!" त्यांना वाचता येत नव्हतं. 'पेन इन द नेक' म्हणजे डोक्याला ताप, यासमोर मी गुपचूप त्यांचंच नाव लिहिलं. "कुणाचं लिवलंस गं?" "समोरच्या हौसाक्काचं." खूश झाल्या. मग 'सॉफ्ट स्पॉट' आला. "ज्या माणसासाठी जीव हळवा होतो, ते," मी समजावलं. हातातली शेंग तशीच धरून म्हणाल्या, "तितं तुजं लिव." मला लाजेनं लिहवलंच नाही. "आई, इथं नाव का नाही?" आता लेकीनं विचारलं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. मी पेन घेऊन तिथंही त्यांचंच नाव घातलं. "आधीचं खोडू?" लेक म्हणाली. "नको. ते बी खरं होतं की!"