भंडाऱ्याचं ताट

"मी उचलला. आता ताईबाईंच्या पुढं धर," सरपंच हौसराव म्हणाला. "त्यांनी उचलला की मागच्यांना कुरकुर करायला जागाच राहत न्हाई."

म्हाळू पुजाऱ्यानं भंडाऱ्याचं ताट ताईबाईंच्या पुढं धरलं. खंडोबाच्या सभामंडपात गाव बसलं होतं. पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या आणि एखादी गेली की सगळ्यांना बोलणं थांबवावं लागत होतं. दुपारपासून तेच चाललं होतं. माणसं कंटाळली होती.

ठराव असा होता, की गावात जो गांजा किंवा गोळ्या विकेल त्याचं नाव पोलिसांना द्यायचं, आणि जो ओढेल त्याचंही द्यायचं. कुणी आपल्या माणसाला पाठीशी घालू नये म्हणून घरटी एकानं भंडारा उचलून शपथ घ्यायची. 'आमच्या घरात असा कुणी नाही, आणि निघाला तर लपवणार नाही.' भंडारा उचलून खोटं बोलायची छाती या गावात अजून कुणाला झाली नव्हती.

गावची आशा सेविका सविता मघाशी उठून बोलली होती. "विकणाऱ्याला आत घाला, माझी ना न्हाई. पण वढणारं पोर आजारी असतं, आप्पा. त्याला दवाखाना लागतो."

"गिऱ्हाईक हाय म्हणून दुकान हाय," हौसराव म्हणाला होता.

"आन् दुकान आलं तवा गिऱ्हाईक कुठं होतं?"

"तू पोलिओचे डोस पाज बाई. कायदा आम्ही बघतो." पुरुषांत हशा पिकला होता. "माझी बी दोन पोरं पुण्याला होस्टेलात हायत. सुपारीचं खांड तोंडात घालत न्हाईत. आईबापाचा वचक लागतो, वचक!"

त्याची बायको नकुशी बायांमध्ये खांबाला टेकून बसली होती. तिनं तेव्हा मान वर केली नव्हती.

ताईबाई ताटाकडं बघत राहिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ या देवाचा दिवा त्याच लावत. रविवारी पाण्याशिवाय काही घेत नसत. आज रविवारच होता.

त्यांचा मुलगा रविराज या वेळी घरात झोपलेला असणार. रांजणगावच्या कंपनीत रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून कुणीतरी त्याला गोळी दिली होती. मग दिवसा झोप यावी म्हणून गांजा आला. आता शिरूरच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. ताईबाई ते देव्हाऱ्यात ठेवत, आणि स्वतःच्या हातानं दिल्याशिवाय निरांजन पेटवत नसत. चार दिवस बरे जात, पाचव्या दिवशी त्याचे डोळे पुन्हा लाल दिसत. केस झाली तर कंपनीचं गेट बंद. कंत्राटी पोराला कुणी कारणसुद्धा सांगत नाही.

"उचला की, ताईबाई," हौसराव म्हणाला. "तुम्हाला कसला इचार पडलाय?"

ताईबाईंनी हात मांडीवरच ठेवला.

"माझ्या घरात हाय," त्या हळूच म्हणाल्या. पण रस्त्यावर तेव्हा ट्रॉली नव्हती, सगळ्यांना ऐकू गेलं. "वढतो. औषध देतीय. देवापुढं खोटं बोलणार न्हाई, आन् पोराचं नाव पोलिसात देणार न्हाई. दोन्ही न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

हौसराव म्हाळूला म्हणाला, "पुढं ने."

ताट साखरबाईंच्या पुढं आलं. त्यांनी ते बघितलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि भंडारा न उचलताच शेजारणीकडं सरकवलं. शेजारणीनं पलीकडं दिलं. ताट हातोहात बायांमधून फिरलं, पुरुषांकडं गेलं. मारुतरावांनी टोपी सारखी केली आणि ताट पुढं दिलं. मघाशी हसलेल्यांनीही दिलं. काहींच्या घरात ओढणारा होता म्हणून, काहींना खात्री नव्हती म्हणून. फिरत फिरत ते म्हाळूकडं परत आलं तेव्हा भंडाऱ्याची रास होती तशीच होती. मंडपात पिवळा हात एकट्या हौसरावाचा होता.

"आता ह्याचं काय करू, आप्पा?" म्हाळूनं विचारलं. "देवापुढं काढलेला भंडारा माघारी डब्यात घालता येत न्हाई."

दिवेलागण झाली होती. ताईबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, दिव्यात तेल घातलं, वात पुढं सारली. मग म्हाळूच्या हातातून त्यांनी ताट घेतलं.

"शपथेला न्हाई लागला, तर कपाळाला लागंल," त्या म्हणाल्या. "ज्यांना न्यायचाय त्यांनी न्या पोरांसाठी."

मग साखरबाईंनी पदराचं टोक पुढं केलं. ताईबाईंनी चिमूट घातली, साखरबाईंनी गाठ मारली. त्यांच्यामागं दुसरी आली, तिसरी आली. मारुतरावांनी रुमाल पसरला. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, आणि घाई कुणालाच नव्हती.

ताटाच्या तळाशी थोडा भंडारा राहिला. तो आपल्या घरचा म्हणून ताईबाई पदराचं टोक शोधू लागल्या, तेव्हा खांबाजवळून नकुशी उठून आली. नवऱ्याच्या समोरूनच आली. तिनं पदर पसरला.

ताईबाईंनी चिमूट घातली. नकुशीनं पदर तसाच धरून ठेवला.

"आणिक एक घाला, अक्का," ती म्हणाली. "आमच्यात दोघं हायत."