चिंध्यांची टोपली

तीनदा बेल वाजवूनही दार उघडलं नाही, तेव्हा लेकीने फोन काढून लिहिलं, ‘दारात उभी आहे.’ दार लगेच उघडलं.

“बटण, तू? अशी न सांगता?” आईच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्यात फोन.

शिंपीणबाईंच्या लेकीला घरात लहानपणापासून बटणच म्हणत. आता ते बटण चाळिशीला आलं होतं आणि त्याचा दोरा आठवड्यापूर्वी तुटला होता. मोठी बॅग तिने जिन्याखालीच ठेवली होती. आधी आईला विचारायचं, मग वर आणायची.

खोली होती तशीच होती. टीव्ही चालू, आवाज बंद. खिडकीशी शिलाई मशीन. आईने पाय चालवला आणि मशीन किंचाळायला लागलं. पूर्वी ते जरा कुरकुरलं तरी आई हातातलं काम टाकून तेलाची कुपी शोधायची. आता ऐकणाऱ्याचे कान किटले तरी तिचं लक्ष नव्हतं. फोन मात्र सुयांच्या डबीला टेकवून डोळ्यांसमोर उभा.

“कशी आहेस?” लेकीने विचारलं.

आईने फोनकडे पाहिलं, मग म्हणाली, “मला काय धाड भरलीय?”

“तो कोटवाला येतो का अजून?”

पुन्हा नजर फोनवर. मग हसू. “येतो की. पोट सुटलंय ह्याचं, आणि म्हणतो कापड आटलं.”

लेक हसली, पण आत काहीतरी खुपलं. फोन केला की आई उचलायची नाही, मेसेज कर म्हणायची. समोर बसल्यावरही हे असं. बारा वर्षं ती जेवणाच्या टेबलावर नवऱ्याच्या खाली घातलेल्या डोक्याशी बोलत आली होती. तिथून उठून आली ती इथे पुन्हा तेच बघायला?

“आई, तुला फोन हवाय की मी?”

आईने फोनकडे पाहिलं.

“बघ. आत्तासुद्धा.”

आईचा पाय थांबला. “राहू दे गं तिथेच. काय मागतोय तो आपल्याकडे?”

“नाही. आज फक्त तू नि मी. हा बघ, माझाही ठेवते.” लेकीने दोन्ही फोन उचलले आणि मशीनशेजारच्या चिंध्यांच्या टोपलीत टाकले. आईचा हात त्यांच्यामागे थोडा गेला, मग मांडीवर येऊन बसला.

“बरं बाई. जशी तुझी मर्जी.”

आणि आईने खरंच तिच्याकडे पाहिलं. इतकं टक लावून तिने शेवटचं कधी पाहिलं होतं, लेकीला आठवेना. मग आई बोलतच सुटली. शेजारणीचे पडदे, कुणाच्या लग्नातला फसलेला झगा, कोटवाल्याची बायको. लेकीला मध्ये शब्द टाकायला जागा मिळेना, पण तिला ते आवडत होतं. खोली उबदार वाटायला लागली होती.

खरी गोष्ट मात्र त्या नजरेसमोर सांगवेना. आईने हातशिलाईला कापड घेतलं, तशी लेकीने लोहचुंबक उचललं आणि लहानपणी करायची तशी, आईकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसून जमिनीवरच्या टाचण्या वेचायला लागली.

“आई, मी निघून आलेय,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “परत जायचं नाहीये. मारहाण नाही, भांडण नाही. तिथे माझं ऐकायलाच कुणी नाही गं. बॅग खाली आहे. इथे राहू का?”

दोन टाचण्या चुंबकाला टकटक चिकटल्या. मागे कात्रीने दोरा तोडला.

“अंधारून आलं बघ,” आई म्हणाली. आवाज चढा होता. हल्ली तो तसाच असायचा. “नीघ आता. घरी वाट बघत असतील. माझ्यापायी उशीर नको.”

लेक तशीच बसून राहिली. शेवटची टाचणी तिने हातानेच उचलली.

“बरं,” ती म्हणाली.

उठून तिने आपला फोन काढायला टोपलीत हात घातला. चिंध्यांतून आधी आईचा आला. त्याचा पडदा पेटलेलाच होता. त्यावर बोटाएवढ्या अक्षरांत ओळीखाली ओळ होती.

‘तिथे माझं ऐकायलाच कुणी नाही गं’

‘बॅग खाली आहे इथे राहू का’

‘अंधारून आलं बघ’

आणि सगळ्यांत खाली, ‘बरं’.

लेकीने वळून पाहिलं. आई कापडावर वाकली होती, सुईत दोरा ओवत होती.

“आई,” लेकीने हाक मारली.

आईने मान वर केली नाही. लेकीच्या हातातल्या पडद्यावर एक नवी ओळ उमटली, ‘आई’.