खरे फासे

सरावानं फासे आपलं ऐकतात, असं हरिकृष्णला वाटे. त्या नादात नोकरी गेली, बायको माहेरी गेली, तरी आज तो कुंभकोणमहून गोव्याच्या कॅसिनोला निघाला होता. त्याचे अप्पा गणिताचे शिक्षक. त्यांनी कॅसिनोतल्यासारखे अस्सल, धारदार कडांचे दोन फासे मागवले होते. “घरीच शंभरदा फेक. दोन्हींची बेरीज सात आली की डाव जातो ना? फासे कुणाचंच ऐकत नसतात, सोळा-सतरा वेळा सात येणारच. तेवढे आले तर जाऊ नको.” ऐंशी फेकींत सात फक्त नऊदा आले. पोराचे डोळे चमकले. पुढच्या फेकीला अप्पांनी फासे झटकन मुठीत घेतले. “सात!” “अप्पा, आठ होते. तुम्ही खोटं बोललात?” “हो रे. दुसरं काही सुचेना.” जन्मात खोटं न बोललेले अप्पा हुंदके देऊ लागले. हरिकृष्ण शेजारी बसला. “आज नाही जात,” तो म्हणाला. उद्याचं विचारायचं धाडस अप्पांना झालं नाही.