कुमुदचा अल्बम

दिगंबररावांनी घरातले सगळे फोटो कॉम्प्युटरवर चढवले. नवा प्रोग्राम नाकाडोळ्यांवरून नव्हे, स्वभावावरून माणूस ओळखायचा आणि ज्याचा त्याचा अल्बम लावायचा. मुंजीतल्या गोट्यापासून निवृत्तीच्या शालीपर्यंत दिगंबरराव एकाच अल्बममध्ये मावले. बायकोचे मात्र दोन झाले. पहिला लग्नाच्या मांडवात थांबला होता. दुसरा सुरू होत होता तो त्यांनी तबकातल्या तांदळांत अंगठीने 'शर्मिष्ठा' लिहिलं, त्या फोटोपासून.

त्यांनी 'एकत्र करा' दाबलं. 'या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत,' असं उत्तर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"अगं, हे काय भलतंच! पहिलीचं नाव विचारतंय."

तिने पदराला हात पुसले आणि 'कुमुद' असं टाइप केलं. या घरात ते नाव कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

नाव मिळताच पहिल्या अल्बमच्या शेवटी आणखी एक फोटो येऊन बसला. गेल्या महिन्यातला, शाळेच्या मैत्रिणींच्या सहलीतला. त्यात ती डोळे मिटून खदखदून हसत होती.

"हा चुकून इकडे आला," दिगंबरराव गोंधळून म्हणाले. "हा तर परवाचा."

"चुकून नाही," ती म्हणाली. "तिथे तुम्ही नव्हतात."